पोलादी कपाटातील वीज

दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे गाव चुनखडीच्या आधारावर वाढलेले आहे. भिलाईपासून उत्तरेस वीसेक किलोमीटरांवर ते वसलेले असून त्याला लागूनच नंदिनीची खाण आहे. सोव्हिएत रशियाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार होऊन भिलाईच्या पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोहखनिजात मिसळलेला वाळूमातीचा अंश वेगळा काढावयाचा तर भट्टीत चुनखडी घालावी लागते. ती त्या अंशाला आपल्यात सामावून घेते आणि धातुमळीच्या रूपाने बाहेर पडते. ही चुनखडी नंदिनीहून येऊ लागली. पुढे १९६५ साली जवळच जामुल येथे सिमेंटचा कारखाना निघाला, आणि अलीकडच्या काळात अहिवाऱ्याच्याच शिवारात, मलपुरी खुर्द येथे, आणखी एक मोठा सिमेंट कारखाना उभा राहिला. दगड फोडणे, तो चाळणे, पट्ट्यावरून वाहून नेणे, दळणे, भाजणे, हा ह्या साऱ्या परिसराचा उद्योग होय.

असा उद्योग पाहावयास गेलेल्या माणसाचे लक्ष साहजिकच दगड भरडणाऱ्या अजस्र क्रशरकडे जाते, फर्लांगभर लांबीच्या पट्ट्याकडे जाते. त्या पट्ट्याच्या टोकाशी एका खोलीत भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या करड्या रंगाच्या पोलादी कपाटांकडे सहसा कोणी वळूनही पाहत नाही. कपाटाच्या दारावर दोन-चार रंगीत दिवे, एक लाल आणि एक हिरवे बटण, एखादा काटा हलणारा मापक. ह्यापलीकडे तेथे पाहण्याजोगे काही नसते. तथापि बाहेर जे जे काही फिरते, थांबते, उलटे फिरते, ते सारे ह्या कपाटाच्या आज्ञेने. कारखान्यातील माणसे त्याला पॅनेल म्हणतात. एका बाजूने त्यात जाडजूड केबलीतून वीज शिरते आणि दुसऱ्या बाजूने पन्नास-साठ बारीक वाटांनी ती बाहेर पडते. ही वाटणी धोका न होऊ देता कशी करावयाची, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा पुष्कळच अवघड आहे.

दुर्गच्या शेतकऱ्याला वाटणीचा एक प्रकार चांगला परिचयाचा आहे. तांदुळा जलाशयातून मुख्य कालवा निघतो, त्याला फाटे फुटतात, फाट्यांना चाऱ्या फुटतात, आणि प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी एक दार असते. चारी फुटली तर तिचे दार पाडावयाचे. बाकीच्यांचे पाणी चालू राहते. पॅनेलची रचना पुष्कळ अंशी अशीच असते. मात्र पाणी आणि वीज ह्यांत एक मोठा फरक आहे, आणि पॅनेल बांधण्याची सारी विद्या त्या फरकातून निघालेली आहे. चारीला भगदाड पडले तरी तिच्यातून किती पाणी वाहील ह्याला चारीच्या रुंदीची मर्यादा असते. शिवाय पाण्याला धावावयास वेळ लागतो. ओरडा करून दार पाडण्याइतकी उसंत माणसाला मिळते. विजेच्या वाटेवर भगदाड पडले, म्हणजे दोन तारा एकमेकींना भिडल्या, तर मागे असेल नसेल तेवढे सारे बळ त्या एका ठिकाणी क्षणार्धात धावून येते.

किती बळ, ह्याचा हिशेब फारसा कठीण नाही. कारखान्याच्या एका विभागाला १,००० किलोव्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर वीज देत आहे आणि तिचा दाब ४१५ व्होल्ट आहे असे समजू. पूर्ण भार घेतला तर त्याच्यातून सुमारे १,४०० अँपिअर प्रवाह वाहील. अशा ट्रान्सफॉर्मरचा अंतर्गत अवरोध साधारणतः शेकडा ५ असतो. ह्याचा अर्थ असा की त्याच्या तोंडाशीच शॉर्ट झाले तर प्रवाह वीस पटींनी वाढून २८,००० अँपिअरपर्यंत जाईल. घरातल्या विजेच्या शेगडीला आठ-नऊ अँपिअर लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्याची कल्पना येते. पॅनेलचा आराखडा करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, की ह्या जागी शॉर्ट झाले तर प्रवाह किती येईल. दुर्दैवाने बाजारात पॅनेल विकत घेताना तेवढाच एक प्रश्न विसरला जातो, आणि मोटरी किती व किती अश्वशक्तीच्या एवढ्यावर सौदा ठरतो.

पॅनेलमध्ये आलेली वीज प्रथम तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या सपाट पट्ट्यांवर उतरते. ह्यांना बसबार म्हणतात. तीन फेजच्या तीन पट्ट्या आणि न्यूट्रलची चौथी अशा त्या कपाटाच्या माथ्यावरून किंवा पाठीमागून आडव्या धावतात, आणि प्रत्येक मोटरीची शाखा त्यांच्यावरूनच निघते. ह्या पट्ट्या उघड्या डोळ्यांना निर्जीव वाटतात. पण प्रवाह वाहणाऱ्या दोन वाहकांमध्ये आकर्षण वा अपकर्षण होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअर ह्याने १८२० सालीच दाखवून दिले होते. नेहमीच्या प्रवाहाला हे बळ नगण्य असते. परंतु ते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वर सांगितलेला २८,००० अँपिअरचा प्रवाह पहिल्या उसळीला ५९,००० अँपिअरच्या आसपास पोचतो, आणि पट्ट्यांमधील अंतर १० सेंटिमीटर असेल तर त्या वेळी मधल्या पट्टीवर मीटरभर लांबीमागे सुमारे ६०० किलो वजनाएवढा रेटा पडतो. हा रेटा एका दिशेने टिकत नाही. सेकंदाच्या लहानशा अंशात तो पालटतो. पट्ट्यांना धरणारे आधार कमजोर असतील तर ते फुटतात, पट्ट्या वाकून एकमेकींना भिडतात, आणि बाहेर कोठे तरी झालेला लहान दोष पॅनेलच्या काळजात येऊन बसतो. म्हणून बसबारचे आधार किती अंतरावर घ्यावेत हे अनुभवाच्या भरवशावर ठरवीत नाहीत. नमुन्याचे पॅनेल प्रयोगशाळेत नेऊन खरोखरीच शॉर्ट करून पाहतात.

एवढ्या रौद्र प्रसंगाची तयारी केली तरी बसबारला खरा शत्रू भेटतो तो एखाद्या ढिल्या बोल्टच्या रूपाने. दोन पट्ट्या जेथे बोल्टने आवळल्या जातात तेथे धातूचा धातूशी संपर्क दिसतो त्याहून फार थोड्या बिंदूंवर होतो. घट्ट सांध्याचा रोध २० मायक्रोओहम असेल तर ४०० अँपिअर प्रवाहाने तेथे अवघी तीन वॅट उष्णता निर्माण होते. बोल्ट सैल होऊन तोच रोध एक मिलिओहम झाला की उष्णता होते १६० वॅट. वाटाण्याएवढ्या जागेत १६० वॅट! तापल्याने तांबे प्रसरण पावते, निवल्यावर आकुंचन पावते, त्यामुळे बोल्ट आणखी ढिला होतो, पृष्ठावर काळा गंज चढतो, रोध आणखी वाढतो. जेथे अ‍ॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला जोडलेली असते तेथे हे दुष्टचक्र अधिक वेगाने फिरते, कारण दोन्ही धातूंचे प्रसरण सारखे नसते आणि त्यांच्यामध्ये ओल शिरली की झीजही होते. ह्यातली वाईट गोष्ट अशी की कोणताही फ्यूज किंवा ब्रेकर ह्या दोषाला पकडीत नाही. प्रवाह तर नेहमीचाच वाहत असतो. फ्यूजला तक्रार करावयास जागाच नाही. ह्या दोषावर उपाय दोनच. मापाच्या टॉर्क पान्याने बोल्ट आवळावयाचा, त्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवावयाची, म्हणजे तो फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आणि वर्षातून एकदा-दोनदा भार चालू असताना उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने सांधे तपासावयाचे. कसलेल्या विजेच्या माणसाला मात्र दार उघडताच जळक्या प्लॅस्टिकचा जो सूक्ष्म वास येतो, तो पुष्कळदा कॅमेऱ्याच्या आधी बोलतो.

बसबारवरून शाखा निघाली की तिच्या तोंडाशी पहारेकरी बसवावा लागतो. सर्वांत जुना पहारेकरी फ्यूज. बारीक तार वितळून वाट तोडते, एवढीच त्याची करामत. पण २८,००० अँपिअरच्या वाटेवर उघडी बारीक तार वितळली म्हणजे काम संपत नाही. वितळलेल्या तारेच्या वाफेतून ज्वाळा चालूच राहते. म्हणून कारखान्यात चिनी मातीच्या नळकांड्यात वाळू भरलेला एच. आर. सी. फ्यूज वापरतात. तार वितळताच वाळू ज्वाळेची उष्णता शोषून स्वतः काचेसारखी होते आणि वाट बुजविते. हे काम इतक्या त्वरेने होते की प्रवाह आपल्या पूर्ण उंचीला पोचण्यापूर्वीच तुटतो. ह्या गुणाची बरोबरी करणे चांगल्या ब्रेकरलाही सोपे जात नाही. ब्रेकरची सोय दुसऱ्या बाजूला आहे: तो तिन्ही फेज एकदम तोडतो आणि कारण शोधून दूर केल्यावर पुन्हा चढविता येतो. दारावरील दिवा विझल्यावर कारण न शोधताच तो पुन्हा पुन्हा चढविण्याची जी सवय सर्वत्र दिसते ती ह्या सोयीचाच दुरुपयोग होय. फ्यूजच्या ठिकाणी जाड तारेचा तुकडा गुंडाळून ठेवण्याची सवय त्याहून जुनी आणि त्याहून घातक. तसे करणाऱ्याला काम चालू ठेवल्याचे समाधान मिळते. त्याने पहारेकऱ्याच्या जागी बुजगावणे बसविले आहे हे पुढच्या दोषापर्यंत कोणाला कळत नाही.

प्रत्येक ब्रेकरवर दोन आकडे असतात आणि त्यांचा गोंधळ होता कामा नये. एक आकडा तो नित्य किती प्रवाह वाहील ह्याचा. दुसरा तो शॉर्टचा किती प्रवाह तोडू शकेल ह्याचा. घरगुती धर्तीचा लहान ब्रेकर पुष्कळदा १०,००० अँपिअर तोडण्याच्या क्षमतेचा असतो. त्याला २८,००० अँपिअरच्या बसबारवर बसविले, तर वर्षानुवर्षे तो नेमाने काम करील आणि एके दिवशी तोडावयाच्या वेळी स्वतःच फुटेल. त्याच्या मागे योग्य फ्यूज असला तर गोष्ट निराळी. पण ती जोडी उत्पादकाने तपासून जाहीर केलेली असावी लागते. अंदाजाने जुळविलेल्या जोड्या येथे चालत नाहीत.

पहारेकरी बसविले म्हणजे त्यांच्यात शिस्तही हवी. पट्ट्याच्या शेवटच्या टोकावरील एका लहान पंपाची केबल दगडाखाली चिरडली, तर त्या पंपाचाच फ्यूज जावा, आणि क्रशर, पट्टा, चाळणी ह्यांना खबरही लागू नये, अशी अपेक्षा असते. परंतु दोषाचा प्रवाह पंपाच्या फ्यूजमधून जातो तसाच त्याच्या मागच्या मोठ्या फ्यूजमधून आणि त्याच्याही मागच्या ब्रेकरमधून जात असतो. कोणी आधी तुटावयाचे हे अगोदर ठरवून ठेवले नाही तर सगळ्यांत मागचाही आधी तुटू शकतो. एकाच घराण्यातील फ्यूज असतील तर मागचा पुढच्याच्या निदान १.६ पट असावा असा नियम आहे. ६३ अँपिअरच्या मागे १०० अँपिअरचा ठेवला की बहुधा निभावते. ब्रेकरच्या बाबतीत मागच्याला सेकंदाचा काही अंश थांबण्याची आज्ञा दिलेली असते. ही शिस्त बिघडली तर काय होते हे दगडाच्या कारखान्यात विशेष जाणवते. भरलेला पट्टा मध्येच थांबला की त्यावरील टनावारी दगडासकट तो पुन्हा सुरू करताना मोटर ओढ घेऊ शकत नाही. क्रशर पोटात दगड असताना थांबला तर तो आधी हाताने रिकामा करावा लागतो. एका पंपाच्या फ्यूजपायी पाच-दहा माणसांना क्रशरच्या जबड्यात उतरावे लागणे, हा केवळ उत्पादनाच्या नुकसानीचा प्रश्न राहत नाही.

ह्या सर्व व्यवस्थेला आवरण असते ते कपाटाचे. जुन्या काळी स्लेटच्या किंवा संगमरवराच्या फरशीवर उघडे स्विच लावलेले असत आणि त्यांच्यासमोर माणूस उभा राही. आता प्रत्येक शाखेला स्वतंत्र कप्पा, कप्प्याला स्वतंत्र दार, आणि दार उघडताना आतला स्विच बंद झालाच पाहिजे अशी खीळ, येथवर प्रगती झालेली आहे. बसबारचा कप्पा वेगळा, शाखांचे कप्पे वेगळे, आणि सर्वांत सोवळ्या पद्धतीत बाहेरच्या केबली जोडावयाच्या जागाही वेगळ्या. जितक्या भिंती अधिक तितकी किंमत अधिक, हे खरे. पण एका शाखेवर काम करणाऱ्या माणसाच्या कोपराशेजारी जिवंत बसबार नसावा एवढीच मागणी असेल तर ती महाग म्हणता येणार नाही. त्या बसबारवर पाना पडला तर दोन फेजमध्ये ज्वाळा पेटते. तिच्या गाभ्यातील तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही अधिक असते. तांब्याची तत्काळ वाफ होते, ती हजारो पटींनी फुगते आणि कपाटाची दारे उडवून लावते. विजेचा धक्का न बसताही माणूस ह्यात होरपळून जातो.

येथपर्यंतचा हिशेब कोठल्याही देशातील पॅनेलला लागू आहे. पण पॅनेल तयार होते एका ठिकाणी आणि आयुष्य काढते दुसऱ्याच ठिकाणी. नाशिकच्या सातपूर-अंबड वसाहतीत किंवा पुण्याजवळ भोसरीत बांधून तपासलेले पॅनेल अहिवाऱ्यासारख्या गावी जाऊन पोचले की त्याची गाठ दोन गोष्टींशी पडते: उन्हाळा आणि धूळ. भारतीय मानक ८६२३ मध्ये आणि त्याची जागा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय ६१४३९ क्रमांकाच्या मालिकेत असे गृहीत धरलेले आहे की पॅनेलच्या बाहेरच्या हवेचे तापमान ४० अंशांवर जाणार नाही आणि चोवीस तासांची सरासरी ३५ अंशांच्या आत राहील. छत्तीसगडच्या मैदानात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पॅनेलची खोली पत्र्याच्या छपराखाली असली तर आतली हवा त्याहूनही तापते. म्हणजे ज्या अटीवर पॅनेलचे सारे आकडे उभे आहेत ती अटच तेथे दरवर्षी मोडते.

कपाटात स्वतःची उष्णताही असते. फ्यूज, कॉन्टॅक्टर, वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर ह्यांत मिळून ४०० वॅट वाया जात असतील आणि कपाटाचे उष्णता बाहेर टाकणारे क्षेत्रफळ ५ चौरस मीटर असेल, तर बंद पोलादी कपाटाचे आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १४-१५ अंशांनी वर राहते. बाहेर ४५, आत ६०. लहान ब्रेकरचे माप ३० अंशांना ठरविलेले असते. ६० अंशांना १६ अँपिअरचा ब्रेकर १३-१४ अँपिअरवरच तुटू लागतो. मग कोणी तरी त्याच्या जागी २० अँपिअरचा बसवितो. उन्हाळा संपून पौषातली थंडी येते, ब्रेकर पुन्हा आपल्या खऱ्या मापावर येतो, आणि त्याच्यामागची बारीक तार मात्र आता संरक्षणावाचून राहते. तारेच्या वेष्टनाचे तर असे आहे की सोसण्याजोग्या तापमानाच्या वर दर दहा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा विद्युत्‌शास्त्रातील जुना आडाखा आहे.

ह्या उष्म्यावर सर्वत्र आढळणारा एक देशी तोडगा म्हणजे पॅनेलचे दार सताड उघडे ठेवून त्याच्यासमोर टेबलफॅन लावणे. एवढ्या विचाराने बांधलेल्या भिंती, खिळा, दारे ह्यांच्यावर पाणी सोडण्याचा ह्याहून स्वस्त उपाय सापडणार नाही. फॅन थंड हवेबरोबर चुनखडीची पिठासारखी धूळ आत लोटतो. कोरडी असताना ही धूळ विजेला फारशी वाट देत नाही. ती फक्त पांघरुणासारखी बसून उष्णता कोंडते आणि कॉन्टॅक्टरच्या मुखांमध्ये शिरते. परंतु आषाढात हवा दमट झाली की तीच धूळ ओल धरते, दोन फेजमधील आधारावर तिचा पातळ लेप बनतो, त्यातून अतिसूक्ष्म प्रवाह झिरपू लागतो, आधाराच्या पृष्ठावर कोळशाची बारीक रेघ उमटते, आणि एका रात्री त्या रेघेवरूनच ज्वाळा धावते. केबलीसाठी पाडलेले आणि पुढे तसेच उघडे राहिलेले एखादे भोक पालीला किंवा उंदराला पुरते. बसबारवर सापडलेली जळकी पाल हे अनेक मोठ्या दोषांचे मूळ असते. आणि तिला अडविण्यास लागणारी रबरी बुचे कोणत्याही कारखान्याला परवडतात. योग्य उपाय म्हणजे आधीच मोठ्या मापाचे कपाट घेणे, उष्णता टाकणारी साधने वेगळ्या कप्प्यात ठेवणे, गाळणी लावलेले पंखे बसवून त्या गाळण्या वेळच्या वेळी धुणे, आणि जमेल तेथे पॅनेलची खोलीच बंद व थंड ठेवून तिच्यात गाळलेली हवा किंचित दाबाने सोडणे, म्हणजे फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही.

आधुनिक पॅनेलमध्ये आणखी एक वीज असते, तिच्याकडे बराच काळ कोणी गांभीर्याने पाहिलेच नाही. मोटरीला ४१५ व्होल्ट लागतात; पण मोटरीला चालू-बंद करण्याचा हुकूम देणारी वीज सौम्य असावी म्हणून पूर्वी ११० व्होल्टची आणि आता बहुतांशी २४ व्होल्टची एकदिश वीज वापरतात. ह्या चोवीस व्होल्टांनी सामान्यतः माणूस दगावत नाही. ह्याच कारणाने तिच्या वाटणीत निष्काळजीपणा शिरला. पट्ट्याच्या टोकाशी ६० मीटरांवर एक लिमिट स्विच आहे आणि त्याला एक चौरस मिलिमीटर तांब्याची तार गेली आहे असे समजू. जाऊन-येऊन १२० मीटर तार; तिचा रोध सुमारे दोन ओहमांहून थोडा अधिक. त्या टोकाला शॉर्ट झाले तरी २४ व्होल्ट ह्या रोधातून ११ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह ढकलू शकत नाहीत. वाटेवर ६ अँपिअरचा लहान ब्रेकर आहे. त्याला तत्काळ तुटावयास निदान पाच ते दहा पट, एकदिश विजेवर तर त्याहूनही अधिक, प्रवाह पाहिजे. तेवढा येथे कधीच येणार नाही. ब्रेकर हळूहळू तापत राहतो. कदाचित मिनिटभर, कदाचित त्याहून जास्त.

मध्यंतरी काय होते? चोवीस व्होल्ट पुरविणारे यंत्र १० अँपिअरचे आहे आणि ओढून ताणून १५ अँपिअर देते. दोषाचे ११ आणि बाकीच्या साधनांचे ६, मिळून १७ होतात. यंत्र आपला दाब खाली टाकते. तो २० व्होल्टांच्या खाली गेला की साऱ्या संयंत्राचा मेंदू असलेला पी. एल. सी. आपले काम थांबवितो. ४१५ व्होल्टच्या बाजूला सर्व पहारेकरी शिस्तीत उभे असताना, दीड-दोनशे रुपयांच्या एका स्विचची तार खरचटल्याने क्रशर, पट्टे, चाळण्या एकदम उभ्या राहतात. आणि ब्रेकर तुटलेलाच नसल्याने दोष कोठे आहे हेही कळत नाही. कामगार साठ मीटरांच्या दहा केबली तपासत बसतो. येथे दोषाचा प्रवाह फार मोठा असल्याने संकट आले नाही. तो पुरेसा मोठा नसल्याने आले. म्हणून आता ह्या बाजूला इलेक्ट्रॉनिक ब्रेकर बसवितात. तो तापण्याची वाट पाहत नाही. प्रवाह मोजतो, ठरलेल्या मर्यादेपेक्षा किंचित वर गेला की सेकंदाच्या अल्पांशात ती एकच शाखा तोडतो, आणि कोणती तोडली ते दिव्याने सांगतो. तो घ्यावयाचा नसेल तर तार जाड करावी, अंतर कमी करावे, आणि पी. एल. सी. ला स्वतःचे वेगळे पुरवठा-यंत्र द्यावे. हुकूम देणाऱ्याची शिधाकोठी हुकूम पाळणाऱ्यांच्या कोठीपासून निराळी असणे केव्हाही हिताचे.

राहता राहिला भूसंपर्क, ज्याला कारखान्यात अर्थिंग म्हणतात. कपाटाच्या पत्र्याला फेजची तार चिकटली तर पत्रा जिवंत होतो. त्या पत्र्याला जाड वाहकाने जमिनीशी व ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलशी बांधून ठेवले असेल तर तत्क्षणी मोठा प्रवाह वाहून फ्यूज जातो; बांधलेले नसेल तर पत्रा तसाच शांतपणे वाट पाहत राहतो आणि हात लावणाऱ्याचे शरीर तो वाहक बनते. मनुष्याच्या हातातून दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी स्नायू आकसून पकड सोडवत नाही. तीस मिलिअँपिअर काही काळ टिकले तर प्राणाशी गाठ असते. पॅनेलच्या सांगाड्याला अर्थिंगची पट्टी असतेच. विसर पडतो तो दाराचा. दार बिजागऱ्यांवर फिरते, बिजागऱ्यांवर रंग आणि ग्रीज असते, आणि ह्याच दारावर बटणे, दिवे, मापक ह्यांच्या तारा येतात. म्हणून दारापासून सांगाड्यापर्यंत विणलेल्या तांब्याची एक लवचिक पट्टी लागते. दुरुस्तीच्या वेळी ती काढली जाते आणि नंतर आतल्या कोपऱ्यात लोंबत राहते. तिच्यावाचून दिवे लागतात, मोटरी फिरतात; तिची अनुपस्थिती कोणालाच जाणवत नाही.

शेवटी ज्याच्यासाठी हा सर्व प्रपंच करावयाचा तो माणूस. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यानंतर २०२३ च्या विनियमांपर्यंत कायद्याने एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगितली आहे: वीज तोडून, भूसंपर्क करून आणि खात्री करून घेतल्यावाचून वाहकावर काम करू नये. परंतु मुख्य स्विच खाली ओढला म्हणजे कपाट मेले असे समजणे धोक्याचे असते. शेजारच्या पॅनेलमधून इंटरलॉकसाठी आलेली ११० किंवा २४० व्होल्टची तार ह्या स्विचला विचारीत नाही. ती स्वतंत्र वाटेने आत आलेली असते. वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधील कपॅसिटर वीज गेल्यानंतरही काही मिनिटे भरलेले राहतात, आणि त्यांच्यावर ‘पाच मिनिटे थांबा’ अशी जी पट्टी चिकटविलेली असते ती शब्दशः वाचावयाची असते. तिसरा धोका माणसाचाच. एक जण आत हात घालून बसलेला असताना दुसरा, पाळी बदलल्यावर आलेला, पट्टा का थांबला आहे हे पाहून स्विच वर ढकलतो. ह्यासाठी स्विचच्या दांड्याला भोक ठेवलेले असते. त्यात काम करणाऱ्याने स्वतःचे कुलूप घालावयाचे, नावाची पाटी लावावयाची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावयाची. दोघे काम करीत असतील तर दोन कुलुपे, पाच असतील तर पाच. मुकादमाने सर्वांच्या वतीने एक कुलूप घालणे येथे चालत नाही. मग टेस्टर आधी जिवंत असल्याचे ठाऊक असलेल्या तारेला लावून तो चालतो की नाही हे पाहावयाचे, नंतर ज्यावर काम करावयाचे त्या तिन्ही फेजना आणि न्यूट्रलला लावावयाचा, आणि तेथे काही दिसले नाही तर पुन्हा एकदा त्या जिवंत तारेला. कारण मधल्या अर्ध्या मिनिटात टेस्टरच बिघडलेला असू शकतो.